उचकी

महाड-पोलादपूर पट्ट्यात पावसाळ्यात दोनच माणसांना बघून दुकानदार गल्ल्यावरून उठतो. लाइट गेली की वायरमन, लाइट आली की भाऊ.

कारण लाइट जाते ती नेमकी विंडोज आपल्या रजिस्ट्रीत काही खरडत असताना. नोंद अर्धवट राहते आणि सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर 'लायसन्स नॉट फाउंड' म्हणून हात वर करतं. रोख पैसे मोजून घेतलेलं, पावती फायलीला लावलेली. पण ओळख दाखवायला तयार नाही. वर शिकाऊ मोडमध्ये जाऊन महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेच्याच नोंदी घेणार! पोलादपूरच्या किराणावाल्यानं फोनवर एवढंच विचारलं, "मग मधले दिवस दुकान बंद ठेवू काय?" जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर.

भाऊ महाडहून निघतात. वीसेक किलोमीटर, स्प्लेंडर, रेक्झिनची बॅग प्लास्टिकच्या पिशवीत. चाव्यांच्या जुडग्यात चार पेनड्राइव्ह. त्यातल्या एकावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. नेहमी तोच आधी निघतो.

आल्या आल्या कॉम्प्युटरला हात लावतील तर भाऊ कसले! आधी चहा, मग रोग्याची चौकशी. "काल याला काय खायला घातलंत?" पोरगं कबूल करतं : रजिस्ट्री साफ करणारं एक फुकट सॉफ्टवेअर. म्हणजे लाइट बिचारी निर्दोष! भाऊ कपाळाला हात लावतात. "सातबाऱ्यावर धूळ बसली म्हणून कोणी तो धुऊन काढतं का रे?"

भाऊंचं सगळं संगणकशास्त्र तलाठ्याच्या दप्तरात मावतं. (मला तरी रजिस्ट्री त्यांच्यामुळेच कळली.) सॉफ्टवेअर म्हणजे कूळ. पिढ्यान्‌पिढ्या कसतंय, पण दप्तरातली नोंद गेली की उभं राहायचं कुठं? कोपऱ्यात पुड्या बांधणाऱ्या आजोबांच्या कानावर 'रजिस्ट्री खराब झाली' एवढंच पडतं आणि ते आतून खरेदीखताची ट्रंक ओढत आणतात.

हे दप्तर ज्या फायलींत असतं त्यांना विंडोज 'हाइव्ह' म्हणतं. "म्हणजे पोळं. धूर केल्याशिवाय हात घालायचा नाही," भाऊ बजावतात. धूर म्हणजे बॅकअप. 22 जुलै 2021 ला सावित्री महाडच्या बाजारात शिरली, त्यानंतर चिखल भरलेले सीपीयू त्यांनी ओट्यावर पापडासारखे वाळत घातले होते. तेव्हापासून बॅकअपच्या बाबतीत ते कोणाचंच ऐकत नाहीत.

"बॅकअप आहे?"

"आहे की. डी ड्राइव्हला."

"म्हणजे पूर आला की माळ्यावर न चढता शेजारच्या खोलीत जायचं!"

मग रजिस्ट्री उघडते. तिथल्या मुख्य कप्प्यांच्या नावांना सुरुवातीला 'एचकी' असतं. भाऊ त्याला सरळ 'उचकी' म्हणतात. "उचकी लागलीय मशिनीला. कंपनीनं आठवण काढली असणार." आहे त्या रजिस्ट्रीची प्रत आधी पेनड्राइव्हवर, मग सिस्टिम परवाच्या तारखेला मागे नेणं, लायसन्स नव्यानं चालू करणं. तासाभरात सॉफ्टवेअरनं 15 तारखेची नोंद मुकाट्यानं घेतली.

किराणावाल्यानं हात जोडले, पैसे दिले, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, आतल्या लॅपटॉपवर पोरानं हेच कुठून तरी क्रॅक करून टाकलंय. त्याला काही होणार नाय ना?"

भाऊ बॅगेची चेन लावत होते. उत्तर देणार, एवढ्यात किराणावाल्यालाच उचकी लागली.

भाऊंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.