साडू आणि चौदा कोर्स

तुमच्याकडेही एक असणारच. नसेल वाटत तर बायकोच्या माहेरकडे नीट शोधा. परदेशातून आल्यावर 'काय काय पाहिलंत?' असं विचारलं की हे गृहस्थ म्हणतात, "अकरा कोर्स." समुद्र, चर्च, म्युझियम सगळं बाजूला. अकरा कोर्स. आणि मग आपल्याकडे कीव आल्यासारखं बघून, "तुम्ही किती केलेत?"

आमच्या पिढीला कोर्स दोनच ठाऊक. एक टायपिंगचा, दुसरा अँटिबायोटिकचा. दोन्ही अर्धवट सोडायचे नसतात, एवढंच त्यांच्याबद्दल घरच्यांनी सांगितलेलं. जेवणाला कोर्स असतात आणि ते मोजायचे असतात, हे मला आमच्या साडूंनी शिकवलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेच्या कर्ज विभागात जन्म काढला. लेकीने एकदा बँकॉकमध्ये टेस्टिंग मेनूला नेलं, तेव्हापासून हे असे झाले. आता प्रवास ठरतो तो जेवणाच्या टेबलाच्या बुकिंगवरून. आधी टेबल, मग विमान, मग व्हिसा, आणि सगळ्यात शेवटी आम्हाला फोन.

त्यांचा एक शब्द आहे. 'कन्सेप्ट.' बँकेत वरून मंजूर होऊन आलेली पण खाली कुणालाच न समजलेली जी योजना असते, तिला ते लोक कन्सेप्ट म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, साडूंनी हा शब्द घरी आणला. मोठ्या बशीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका का? "कन्सेप्ट आहे." सूप चहाच्या कपात का? "कन्सेप्ट आहे." चौघांत तीनच चमचे का? ती वेटरची चूक होती, त्याने माफीही मागितली. पण तोवर साडूंनी आम्हाला त्यामागची कन्सेप्ट समजावून दिलेली होती.

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं स्पेनला गेलो. बिलबाओहून सान सेबास्तियानला जाणाऱ्या बसमध्ये, सव्वा तासाच्या त्या हिरव्यागार रस्त्यावर, बाहेर बघायची सोय नव्हती, कारण साडू मिशलिन गाइडचा इतिहास सांगत होते.

"मिशलिन म्हणजे टायरवाले, बरं का. दोघं भाऊ. १९०० साली मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तक काढलं. पंप कुठे, गॅरेज कुठे, जेवायचं कुठे. १९२६ पासून तारे द्यायला लागले. एक तारा म्हणजे जेवण उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं. तीन म्हणजे खास त्या जेवणासाठी प्रवास करावा."

"म्हणजे टायर झिजणार," माझी बायको म्हणाली.

"कन्सेप्ट आहे!" साडू मांडीवर थाप मारून म्हणाले. पुढच्या सीटवरची बाई दचकली.

सान सेबास्तियान हे गाव पुरतं दोन लाख वस्तीचंही नाही, आपल्या सांगली-मिरजेहून बरंच लहान. पण गावात आणि शेजारच्या लासार्तेत धरून तीन-तीन ताऱ्यांची तीन हॉटेलं: आर्साक, आकेलारे आणि मार्तिन बेरासातेगीचं. साडू ही नावं अष्टविनायकाच्या क्रमाने म्हणतात. १९७० च्या दशकात इथले तरुण शेफ फ्रान्सच्या नव्या स्वयंपाकाने भारले गेले, पॉल बोक्यूजकडे लिओंला जाऊन आले आणि मग आपल्या बास्क स्वयंपाकाचंच त्यांनी नवं काही केलं, हेही बसमध्येच कळलं. आमच्या वाट्याला एका ताऱ्याचं हॉटेल होतं. माणशी पैसे मी सांगत नाही. साडूंनी ते आधीच भरले होते आणि हिशोबाची चिठ्ठी मला व्हॉट्सअॅपवर टाकली होती.

टेबल शुक्रवारी किंवा शनिवारी मिळत होतं. आम्हा तिघांना शनिवार सोयीचा. रविवारी दुपारची गाडी, सकाळी आरामात उठता आलं असतं. पण साडूंचा शनिवारी उपास. कडक, फक्त पाण्यावर. एरवी हा माणूस देवळात चप्पल सांभाळायला बाहेर थांबणारा. घरात गणपती बसतो तो ताईंचा. वर्षानुवर्षं आमच्या सहली, लग्नं, बारशी या एका शनिवारपायी मागेपुढे सरकत आली आहेत. भाचीच्या साखरपुड्याला हे बासुंदीच्या पातेल्याशेजारी पाण्याचा पेला घेऊन बसलेले मी पाहिलेत. विचारलं तर, "वडिलांपासून चालत आलंय." संपलं. सगळ्या गोष्टींची कन्सेप्ट सांगणाऱ्या माणसाकडे या एका गोष्टीची कन्सेप्ट नव्हती.

तर शुक्रवार ठरला. आणि दोन महिन्यांनी ताईंनी कालनिर्णय उघडलं. त्या शुक्रवारी संकष्टी.

यावर मोठा खल झाला. हॉटेलला मेल गेला. त्यांचं नम्र उत्तर आलं की, धान्य वर्ज्य पण बटाटा चालतो, हे पथ्य त्यांना नवीन आहे, पण ते आनंदाने करतील. फक्त चंद्र दिसेपर्यंत ताई जेवणार नसतील तर स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ कळवणं भाग आहे. तिथे मे महिन्यात सूर्यच साडेनऊला मावळतो. चंद्र म्हणजे मध्यरात्रच. तोडगा साडूंनी काढला. "आपण पुण्याचे. चंद्रोदय पुण्याचा धरायचा. तिथे सव्वादहाला चंद्र आला की इथे पावणेसात झालेले असतात." टेबल पावणेनऊचं होतं. ताईंनी मोबाइलवर पुण्याच्या बहिणीला गच्चीवर पाठवलं, चंद्र दिसल्याची खात्री करून घेतली, हॉटेलच्या खोलीत मोदकाऐवजी चॉकलेटचा नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. मी तेव्हा मनात साडूंना पहिल्यांदा दाद दिली. बोललो नाही. साडूंना साडूने दाद द्यायची आपल्यात पद्धत नाही.

जेवण एका टेकडीवर. खाली समुद्र. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर काही नाही. साडू वेटरशी इंग्रजीत, आमच्याशी मराठीत आणि मेनूकार्डाशी स्वतःच्याच स्पॅनिशमध्ये बोलत होते. चौदा कोर्स. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि एक ते चौदा आकडे आधीच घालून ठेवले.

दुसऱ्या कोर्सला एक लाकडी परात आली, काळ्या गोट्यांनी भरलेली. त्यांतले चार गोटे म्हणजे मातीचा लेप दिलेले बटाटे. मी उचलला तो गोटाच निघाला. दाढ वाचली. "कन्सेप्ट आहे," साडू म्हणाले आणि वहीत दोनपुढे बरोबरची खूण केली.

पाचव्याला कोकोचा. हेक माशाच्या हनुवटीखालचा मऊ भाग. (साडू मूळचे शाकाहारी, पण रत्नागिरीच्या शाखेत तीन वर्षं काढल्यावर माशांना त्यांचं मंजुरीपत्र मिळालं.) त्याच्यावर पिलपिल म्हणतात तो दाट, पिवळसर, तुकतुकीत सॉस. ना पीठ, ना अंडं, ना साय. लसणीच्या तेलात मासा मंद ठेवून भांडं नुसतं गोल गोल हलवत राहायचं. माशाचा चिकट अंश तेलाला धरतो आणि दोन्ही मिळून येतात. घास जिभेवर ठेवला आणि चावायची वेळ यायच्या आत तो गेला. मी गप्प झालो. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला आठवतं, तेव्हा ते काहीही म्हणाले नाहीत.

अशा जेवणात माणूस उपाशी राहतो, असं जे आपण हसून सांगतो, ते खोटं आहे. माणूस फुटायला येतो. याला कारण पाव. दोन कोर्सांच्या मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं जातात, समोर गरम पाव आणि लोणी, हात आपोआप जातो. आपलं ताट प्रामाणिक असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वाटीत काय आहे ते बसतानाच दिसतं. श्रीखंड दिसलं की माणूस भाताला हात आखडतो. इथे पुढे काय हे कुणी सांगत नाही. साडूंच्या मते युरोपातही पूर्वी सगळं एकदम मांडत. एकामागून एक वाढायची ही रशियन तऱ्हा पॅरिसमध्ये आली ती एकोणिसाव्या शतकात. रशियनांना श्रीखंड माहीत नसावं.

अकराव्या कोर्सला माझा पार निकाल लागला. मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज, धुरावलेलं, बरोबर कसलासा मुरांबा. एक तुकडा खाल्ला आणि बशी पुढे सरकवली. साडूंनी इकडेतिकडे बघितलं. मग वेटरची पाठ फिरताच माझी बशी आणि आपली रिकामी बशी, पत्त्यांचा डाव टाकावा तशी, अदलाबदल केली. खाली मान घालून माझं उरलेलं खाल्लं. शेवटी तर्जनीचं टोक ओलं करून बशीतला चुरा टिपला. तीन तासांत मला त्यांची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"अहो, भूक नसेल तर कशाला?"

"पान टाकू नये," ते म्हणाले. कन्सेप्ट म्हणाले नाहीत.

तेराव्यानंतर ते सारखे घड्याळ बघायला लागले. स्वयंपाकघराला उशीर होत होता. चौदावा आला तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. चॉकलेटचे चार छोटे तुकडे, प्रत्येकाच्या बशीत एक, वर मिठाचे खडे. आम्ही तिघांनी खाल्ले. साडूंनी बशी दोन बोटांनी हलकेच पुढे ढकलली.

"शनिवार लागला."

"अहो, आपला वार सूर्योदयाला बदलतो," ताई म्हणाल्या. "आणि पुण्यातही अजून अंधारच आहे."

"चंद्र पुण्याचा," साडू म्हणाले. "शनिवार घड्याळाचा."

वेटर आला. न हललेला तुकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. काही चुकलं का, आवडलं नाही का, शेफला बोलवू का? साडूंना इंग्रजी सुचेना. वही हातात, तेरा खुणा झालेल्या, चौदावा आकडा मोकळा. शेवटी मीच म्हणालो, "इट्स अ कन्सेप्ट."

त्याला ते लगेच पटलं. मान डोलावून बशी घेऊन गेला आणि चॉकलेट एका छोट्या पुठ्ठ्याच्या डबीत घालून, वर रिबीन बांधून परत आला.

परतताना आम्ही ला कोंचाच्या किनाऱ्याने चालत निघालो. बायका पुढे, आम्ही मागे. ओहोटी होती. साडूंच्या कोटाच्या खिशात ती डबी.

"वडील पुण्याला शिकायला आले तेव्हा वार लावून जेवले," ते एकदम म्हणाले. "ठाऊक आहे ना, वार लावणं?"

ठाऊक होतं. गरीब विद्यार्थ्याने सात घरं धरायची, एकेक वार एकेका घरी जेवायचं.

"सोमवारचं घर वकिलांचं. आमटी पाणचट. मंगळवारी भात करपलेला, दर मंगळवारी. गुरुवारी ताक इतकं आंबट की डोळे मिटावेत. आम्ही लहानपणी विचारायचो, बाबा, तुम्ही काही बोलायचा नाहीत? तर म्हणायचे, त्या त्या घरची रीत असते."

समोरून दोन तरुण पोरं हसत गेली. ती लांब जाईपर्यंत साडू थांबले.

"सात घरं मिळाली नाहीत त्यांना. सहाच मिळाली. राहायला शनिवार पेठेत, आणि शनिवारच रिकामा. मग पोरांत सांगायचे, माझा मारुतीचा उपास असतो. चार वर्षं सांगितलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घरात सगळं आलं. तरी शनिवारी पाणीच. आई खिचडी करून ठेवायची सुरुवातीला. नंतर करेनाशी झाली. मला हे सगळं ते गेल्यावर मामांनी सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"मारुतीचं आणि माझं काही नाही."

पुढे ताईंना आइस्क्रीमचं एक उघडं दुकान दिसलं होतं. त्यांनी हात हलवला. साडूंनी तीन बोटं वर केली. तीनच घ्या.

शनिवारी दिवसभर ते आमच्याबरोबर गावभर हिंडले. जुन्या वस्तीतल्या बारमध्ये आम्ही काडीला टोचलेलं ऑलिव्ह, हिरवी मिरची आणि अँचोवी खाल्लं. त्याला हिल्दा म्हणतात, १९४६ च्या रिटा हेवर्थच्या सिनेमावरून. ही माहिती साडूंनीच दिली, पाण्याचा पेला हातात धरून.

रविवारी दुपारी गाडी सुटल्यावर त्यांनी डबी काढली. रिबीन सोडून, घडी घालून खिशात ठेवली. चॉकलेट खिशातल्या उबेने बसकं झालेलं. प्लॅस्टिकच्या सुरीने त्याचे चार भाग केले, दोन जरा मोठे झाले ते बायकांना दिले. एकेकाला नखाएवढं आलं. मिठाचा खडा माझ्या वाट्याला.

मग वही काढली, पेनचं टोपण दातात धरलं, आणि शेवटची खूण करून म्हणाले, "चौदा झाले."