सिंक्लेअरराव

सिंक्लेअरराव आपल्या परिचयाचे नाहीत असे म्हणणारा वाचक भेटला, तर मी एवढेच समजेन की त्याच्या परिचयातल्या सिंक्लेअररावांचे नाव निराळे आहे. वय पन्नाशीपलीकडचे, नोकरी संगणकाच्या धंद्यात बऱ्यापैकी अधिकाराची, स्वभाव एरवी निरुपद्रवी. परंतु कोणत्याही यंत्राने, कोणत्याही कारणास्तव, घटकाभर थांबावयास लावले की हे गृहस्थ डोळे अर्धवट मिटून, ओठांचा चंबू करून, प्रथम "ट्यूऽऽऽऽ" असा एक दीर्घ, स्थिर स्वर लावतात, मध्येच "ब्र्रप्" असा तुटक उच्चार करतात, पुन्हा तोच स्वर धरतात, आणि त्यानंतर "क्र्र्यँऽऽऽ" असा जो कर्णकटू आक्रोश आरंभतात तो, शास्त्राप्रमाणे, सुमारे पाच मिनिटे चालावयास हवा असतो. आजवर कोणी तो पुरा होऊ दिलेला नाही.

हा आवाज स्पेक्ट्रम नावाच्या गृहसंगणकाचा. अनभिज्ञांसाठी (अनभिज्ञ राहण्याची मुभा सिंक्लेअरराव कोणास देत नाहीत) हकिकत थोडक्यात अशी की, विलायतेतील क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजच्या कंपनीने 1982 मध्ये रबरी कळांचे हे चिमुकले यंत्र बाजारात आणले, आणि 1986 मध्ये डेसिबेल्स नावाच्या कंपनीने रीतसर परवाना घेऊन त्याच्या प्लस आवृत्तीचा देशी अवतार आपल्याकडे विकावयास काढला. स्मृती 48 के, म्हणजे आज मोबाइलने काढलेले एक साधे छायाचित्रही जीत मावणार नाही एवढी. तीतूनही जवळजवळ सात के पडद्यावरील चित्राच्या खाती आधीच वजा. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि खेळ साठवलेला साध्या कॅसेटवर, जिच्यावर कालपरवापर्यंत बहुधा नाट्यगीते नांदत असत. टेपरेकॉर्डरची वायर संगणकास जोडून कॅसेट लावली की खेळ आवाजाच्या रूपाने यंत्रात उतरू लागे. पडद्याच्या कडेला प्रथम तांबडे-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे धावत, चित्र तीन हप्त्यांत, मधल्या बारीक रेघा सोडत सोडत काळ्या-पांढऱ्यात उमटे, आणि सर्वांत शेवटी त्यात चौकोनाचौकोनाने रंग भरे. एवढ्यात कोणी टेबलास धक्का दिला, किंवा शेजारच्या खोलीत मिक्सर सुरू केला, की सारे मुसळ केरात जाऊन पडद्यावर एक ओळ येई: "आर टेप लोडिंग एरर". ही ओळ सिंक्लेअरराव आजही वापरतात. शेजारच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडल्याची वार्ता कानी आली तेव्हा, सांत्वनासाठी जमलेल्या मंडळींसमक्ष, त्यांनी सुस्कारा टाकून प्रथम उद्गार काढले ते हेच.

लग्नावरून आठवले. एका कार्यालयात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टके म्हणणाऱ्या हौशी मामीबाई सातव्या कडव्यावरून आठव्यावर जाण्याचे चिन्ह दाखवीत नाहीत, मुठीतल्या अक्षता ओल्या झालेल्या, अशा समयी माझ्या डाव्या कानापाशी "ट्यूऽऽऽऽ" असा स्वर उमटला. वधूच्या काकांना वाटले, यांचा रक्तदाब वाढला; त्यांनी खुर्ची मागवली, कोणी पाणी आणले. सिंक्लेअरराव ढळले नाहीत. अंतरपाट दूर झाला, सनई-चौघडा सुरू झाला, आणि सर्व मंडळी टाळ्या वाजवीत असता हे डोळे उघडून समाधानाने म्हणाले, "आला! रंगासकट आला!"

त्याहून बिकट प्रसंग एमआरआयचा. पाठीच्या दुखण्यासाठी त्यांना त्या बोगद्यात घातले, तेव्हा भल्याभल्यांची गाळण उडवणारा तो ठोक्यांचा आणि किंकाळ्यांचा गदारोळ ऐकून हा मनुष्य प्रसन्न मुद्रेने बाहेर आला आणि तेथील कर्मचाऱ्यास म्हणाला, "सुरुवात झकास होती हो, पण पुढे टेप घसरली." कर्मचाऱ्याने ही बाब डॉक्टरांच्या कानी घातली, आणि डॉक्टरांनी पाठीच्या जोडीला डोक्याचीही तपासणी लिहून दिली. ती त्यांनी आनंदाने करून घेतली.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने या देशात इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा सिंक्लेअररावांनी पहिल्या पगारातून जोडणी घेतली, याचे आम्ही मित्रांनी दूरदृष्टी म्हणून कौतुक केले होते. वस्तुतः त्यांना मोह पडला होता तो मोडेमच्या आवाजाचा. नंबर लागून आवाज थांबला की त्यांचा इंटरनेटमधला रस संपे. ते जोडणी तोडून पुन्हा नंबर लावीत. पुढे मुकी जोडणी आली तेव्हापासून ते या तंत्रज्ञानाविषयी कडवटपणेच बोलतात. पुतण्याच्या यंत्रावर रात्रीतून नि:शब्दपणे उतरणाऱ्या अजस्र खेळांची तर त्यांना चीड आहे. "खेळ येतोय हे घराला कळायला नको?" असा त्यांचा सवाल, आणि पुतण्यापाशी त्यास उत्तर नाही.

हे सारे ऐकून कोणासही वाटेल की या मनुष्याचे बालपण त्या यंत्रावर खेळण्यात सरले. माझीही तशीच समजूत होती. कारण सतरा वर्षांच्या मॅथ्यू स्मिथने 1983 मध्ये रचलेल्या मॅनिक मायनर या खेळाच्या वीसही गुहा, त्यांतली प्रत्येक किल्ली, प्रत्येक कोसळती फळी आणि प्रत्येक शत्रूची येरझार या गृहस्थास तोंडपाठ. तो चोरवाटेचा प्रसिद्ध आकडाही, 6031769, जो स्मिथच्या वाहनपरवान्यावरून घेतलेला, त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. स्वतःच्या परवान्याचा येत नाही.

परवा डोंबिवलीला, त्यांच्या जुन्या इमारतीत, जे डॉक्टर त्या संगणकाचे मूळ मालक, त्यांच्या चिरंजीवांची गाठ पडली. संगणक सिंक्लेअररावांच्या घरचा नव्हताच, हे मला तेव्हा प्रथम कळले. चिरंजीव आता स्वतः चष्म्याआडून बघणारे प्रौढ गृहस्थ. नाव काढताच खुलले. म्हणाले, "तो होय? तो आमचा टेपवाला! हेड साफ करायचं, स्क्रू किती पिळायचा, आवाज कुठल्या काट्यावर ठेवायचा, सगळं त्याच्याकडे. तो नसला की एक खेळ लोड व्हायचा नाही."

"आणि ते खेळायचे केव्हा?" मी विचारले.

"खेळायला आम्ही चौघं होतो ना," चिरंजीव अगदी सहजपणे म्हणाले.

म्हणजे एकूण वहिवाट अशी होती. पाच मिनिटे त्या खोलीवर दहा-बारा वर्षांच्या एका पोराचा अंमल चाले. त्याच्या हुकुमावाचून पंखा लागत नसे, डॉक्टरीणबाईंचा मिक्सर तहकूब राही, आणि मालकाचे चिरंजीवसुद्धा श्वास रोखून त्याच्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहत बसत. खेळ पुरता उतरला की हा अंमल खालसा होई, कळांचा ताबा वारसांकडे जाई, आणि अंमलदारसाहेब मागच्या पलंगावर बसून चौघांच्या खांद्यांवरून दिसेल तेवढ्या गुहा पाहत, दिवेलागणीस घरून हाक येईपर्यंत. वाईट वाटून घ्यावे असे त्यात काही आहे हे सिंक्लेअररावांना कोणी सांगितलेले नाही, आणि मीही सांगणार नाही. हल्लीच्या यंत्रांत ती जागाच मंजूर नाही, एवढेच पुतण्याच्या संगणकाकडे पाहताना मनात येते. आणि लग्नाच्या मंडपात मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या दूर सरकलो होतो, त्या आता मधे ठेवत नाही. इतपत सवलत देण्यास माझी हरकत नाही.

त्यांच्या मोबाइलवर जुन्या स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम आहे. त्यात खेळ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुरू करण्याची सोय असते. सिंक्लेअररावांनी ती बंद करून ठेवली आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर मॅनिक मायनर लावला, पट्टे धावले, मोबाइल पाच मिनिटे किंचाळला, हे स्वतः मात्र त्या वेळी गप्प. आणि खेळ पुरता उतरताच त्यांनी मोबाइल, अगदी सवयीने, माझ्या हाती दिला. मी पुष्कळ आढेवेढे घेतले. ते उठून माझ्या खांद्यामागे उभे राहिले. "उडी. थांबा. आता पुन्हा. फळीवर रेंगाळू नका, खचते ती." त्यांच्या हुकुमाने मी पहिली गुहा पार केली, दुसरीत पेंग्विनांनी माझी उरलीसुरली आयुष्ये संपवली, आणि वरून एक भला मोठा बूट येऊन खाणकामगारास चिरडून गेला.

"आता तुम्ही खेळा," मी मोबाइल पुढे केला.

"मी? छे, छे! दुसरा लावतो," असे म्हणून ते यादी चाळू लागले. मला लहानसा खेळ बरा वाटला असता, म्हणून मी जेटपॅकवर बोट ठेवले.

"जेटपॅक नको," सिंक्लेअरराव म्हणाले. "सोळा केचा आहे. फार लवकर येतो."