मॉन्त्रोचा पंचनामा

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोच्या वाट्याला आली होती एकच ओळ: 'फोटो स्टॉप, ४५ मिनिटे'. त्यातली निम्मी स्वच्छतागृह शोधण्यात आणि सापडल्यावर सुटे फ्रँक शोधण्यात जाणार, हे युरोप करून आलेला कुणीही सांगेल. उरलेल्या वेळात मला जळालेला कॅसिनो बघायचा होता.

"काका, तो पुन्हा बांधून पन्नास वर्षं होत आली," टूर मॅनेजर म्हणाला. "आता जळालेलं काही दिसायचं नाही."

चंद्रभागेला पाणी नाही म्हणून वारकरी माघारी फिरतो का? मी कॉलेजात असल्यापासून डीप पर्पल या रॉक बँडचा भक्त. १९९५ साली अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्यांना ऐकलंय, आणि गिटारवर रिची ब्लॅकमोरऐवजी स्टीव्ह मोर्स दिसला म्हणून पहिली दोन गाणी रुसूनही बसलोय.

बाकीची मंडळी उतरली ती थेट फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्याकडे. सरोवराच्या काठी मूठ उगारून तो उभा आहे, माणसापेक्षा बराच उंच. साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लगेच ताबा घेतला. "हा आपल्या पाचगणीच्या शाळेत होता बरं का!" हे खरंच आहे. पण त्यांचा आवाज असा, की फ्रेडीची फी जणू त्यांनीच माफ केली होती. क्वीन या त्याच्या बँडचा मला द्वेष नाही. मात्र त्यांनी इथला स्टुडिओ विकत घेतला १९७९ मध्ये, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर. हाल काढले ते आमच्या लोकांनी.

४ डिसेंबर १९७१. कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणा दिवट्याने छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली. कॅसिनो खलास. माणूस एकही दगावला नाही. इथल्या जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स स्वतः पोरांना बाहेर काढत होते. याच कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायला डीप पर्पल येऊन थांबले होते, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेऊन. म्हणजे ट्रक दारात आणि दारामागची इमारतच गायब. मग पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. तिथे रात्री 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याचा तो जगप्रसिद्ध गिटार रिफ वाजवला, तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल. कॉरिडॉरमध्ये ड्रम, भिंतींना गाद्या. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं, तर खोल्यांतून, बाल्कन्यांतून अशी कसरत, की त्यांनी ऐकणंच सोडून दिलं. 'मशीन हेड' हा १९७२ चा अल्बम असा तयार झाला!

आणि त्या गाण्यात त्यांनी काय सांगितलं? हेच सगळं. आलो कुठे, आग लागली कशी, धूर कसा पसरला, पुढे सोय कुठे झाली. प्रेम नाही, विरह नाही, क्रांती तर नाहीच. शुद्ध पंचनामा. जगातल्या प्रत्येक गिटार क्लासातलं पोरगं पहिल्या आठवड्यात जे बडवतं, ते मुळात मुक्कामाच्या गैरसोयीचं प्रवासवर्णन आहे. त्यांच्यातल्या जॉन लॉर्डचा ऑर्गन गिटारला खालून असा भिडतो, की गैरसोयसुद्धा भव्य वाटते. लॉर्डला श्रेय कमी मिळालं, हे माझं मत मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

पुतळ्याजवळच या गाण्याचंही एक शिल्प आहे, रिफच्या स्वरलिपीसकट. त्याच्यासमोर मी नतमस्तक झालो. "अहो, लवकर," सौ. म्हणाल्या, "बस हॉर्न वाजवतेय." (स्वित्झर्लंडमध्ये बस हॉर्न वाजवत नाही. वाजवत होता तो आमचा टूर मॅनेजर, तोंडाने.)

बसमध्ये मुख्याध्यापकांनी माइक घेऊन पाचगणी पुन्हा सुरू करायच्या आत मी तो हिसकावला आणि सगळी हकिकत सांगितली. रॉक म्हणजे काय हे ठाऊक नसलेली ती मंडळी चकली खायची थांबून ऐकत होती. ठरलेली जागा ऐन वेळी गेली, दुसरीकडून हाकललं, तिसरीकडे थंडीत बंद हॉटेल! असा मनापासूनचा शोक मी अंधेरीच्या गर्दीतही पाहिला नव्हता.

गोष्ट संपली. बस क्षणभर गप्प. मग मागून नाशिकच्या वहिनींनी अत्यंत कळवळून विचारलं, "पण भावजी, कॅसिनोचा अ‍ॅडव्हान्स परत मिळाला का हो त्यांना?"