तिरक्या मानेचे बाबा

सकाळी शाळांच्या वेळेला कर्वे रस्त्यावर हे गृहस्थ हमखास दिसतात. मान डावीकडे कललेली, कान आणि खांदा यांच्या बेचक्यात मोबाइल. पायांशी दप्तर, मागे गुलाबी हेल्मेट घातलेली कन्या. मानेचं दुखणं असेल म्हणून कुणी हळहळू नये. स्वतः हेल्मेट घालतात त्या दिवशी मान सरळ असते, कारण फोन हेल्मेटच्या आत गालाशी खोचलेला असतो. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध एवढी आंदोलनं झाली, पण हेल्मेटचा हा उपयोग सरकारी बाजूनं कधी कुणी मांडला नाही.

मुलीच्या सुरक्षिततेबाबत बाबा फार दक्ष. शाळेची व्हॅन त्यांनी तडकाफडकी बंद केली. व्हॅनवाले काका चालत्या गाडीत मोबाइलवर बोलताना दिसले होते ना! दिसले तेव्हा हे शेजारूनच स्कूटरवर चालले होते, आणि ही भयंकर बातमी त्यांनी गाडी न थांबवता तिथल्या तिथे बायकोला कळवली. मग पालकांच्या ग्रुपवर खरमरीत मेसेज: मोटार वाहन कायद्याचं कलम 184, त्यात 2019 साली झालेली दुरुस्ती, पहिल्याच गुन्ह्याला हजार ते पाच हजार दंड. नळ स्टॉपला लाल दिव्यात लिहायला घेतला. दिवा हिरवा झाला तेव्हा दंडाच्या रकमेपर्यंतच आले होते. बाकीचा कायदा त्यांनी डेक्कनपर्यंत पुरा केला.

त्यांचं म्हणणं साधं आहे. "मी कधी फोन करत नाही हो, आलेला फक्त घेतो." बायकोला केलेला फोन यात धरत नाहीत, ती घरची बाब. मी एकदा हिशेब सांगितला, की ताशी 40 किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी 22 मीटर पुढे निघून जाते. ते हसले. "कर्वे रोडला 40चा वेग मिळतो कुठे?" या उत्तरापुढे पुणेकर माणूस काय बोलणार?

बायकोचा फोनही नेमका वाटेतच येतो. "पोचलात का?" नाही उचलला तर लागोपाठ तीनदा. नंतर, "उचलत का नव्हतास? गाडीवर होतास म्हणून तर जीव टांगणीला लागला!"

परवा त्यांनी कानात घालायचं ब्लूटूथ घेतलं. मान सरळ झाली, दोन्ही हात मोकळे झाले, तेव्हापासून साहेबांना मुद्दा पटवताना उजवा हात हवेत असतो. साहेबांच्या लेखी ते ऑफिसात केव्हाच पोचलेले असतात. काल पौड फाट्याला मागून कन्या जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा, सिग्नल! सिग्नल!"

करकचून ब्रेक लावत बाबा म्हणाले, "हो ना सर, इथे डेस्कवर सिग्नलचाच प्रॉब्लेम आहे."