आधी मस्टर, मग बुफे

क्रूझवर चढल्यावर पहिलं काम कोणतं? आपलं मस्टर स्टेशन गाठायचं. संकटाचा भोंगा वाजला की आपण जिथे जमायचं आणि जिथे आपली हजेरी घेतली जाणार, ती जागा स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पाहायची. जेवणाच्या आधी, पूलच्या आधी, रेलिंगला टेकून काढायच्या फोटोच्याही आधी.

आपण नेमकं उलट करतो. तपासणीतून सुटलेला जथा तडक बुफेच्या डेकवर चढतो. दोन खुर्च्या अडवायला आजोबा, ताटं भरायला बाकीचे. पोटं भरली की डेकवर फेरी, मग केबिन, मग जरा डुलकी. जहाज सुटायच्या सुमारास घोषणा होते की ज्यांचं मस्टर राहिलंय त्यांनी ताबडतोब आपापल्या स्टेशनवर यावं. मग कपाळाला आठ्या. ‘आता हे काय मध्येच?’

मध्येच नाही हो. तेच पहिलं होतं, तुम्ही शेवटी ढकललंत.

बुफे कुठे पळून जात नाही. दुपारभर तो उघडाच असतो आणि संध्याकाळी पुन्हा भरतो. मस्टरला जास्तीत जास्त अर्धा तास लागतो. सगळ्यांनी आपलं क्रूझ कार्ड हातात घ्यायचं, त्यावर छापलेलं स्टेशनचं अक्षर किंवा आकडा बघायचा आणि तिथे जायचं. कार्ड स्कॅन होतं, कर्मचारी लाइफ जॅकेट घालून दाखवतो, भोंगा कसा ओळखायचा ते सांगतो. सात छोटे आणि एक लांब. जगातल्या कुठल्याही प्रवासी जहाजावर हाच इशारा. एवढं ऐकलं की ताट घ्यायला मोकळे.

यात एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ची रात्र आठवावी. १३ जानेवारी २०१२. रोमजवळच्या चिवितावेकिया बंदरातून संध्याकाळी जहाज सुटलं. त्यावर ४,२२९ माणसं होती. रात्री पावणेदहाच्या सुमाराला जिल्यो बेटाच्या फार जवळून जाताना ते खडकावर घासलं, कूस फाटली, इंजिनखोलीत पाणी शिरलं, दिवे गेले. बरेच प्रवासी तेव्हा जेवणाच्या टेबलावर होते. विजेचा बिघाड आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. जहाज सोडण्याचा हुकूम निघायला तासाहून जास्त वेळ गेला. तोवर जहाज इतकं कललं होतं, की काही जीवरक्षक बोटी खाली सोडताच आल्या नाहीत. ३२ माणसं गेली. जहाजावर माणसं अडकलेली असतानाच कप्तान स्वतः बाहेर पडला होता. पुढे त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली.

त्या जहाजावर त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांचा मस्टरचा सराव झालेलाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी ठरला होता. आणि यात कुठलाही नियम मोडला नव्हता! प्रवासी चढल्यापासून २४ तासांत सराव घ्या, एवढंच तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम सांगत होता. सराव झाला असता तर सगळे वाचले असते, असं म्हणायला मी धजणार नाही. गुन्हा कप्तानाचा होता. पण अंधारात, तिरक्या झालेल्या जिन्यावर, अनोळखी भाषेतल्या आरडाओरड्यात सातशे माणसांना आपण नेमकं कुठे जायचं हे माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून द्यायला अर्धा तास पुरला असता. ही गोष्ट मला त्या कप्तानाच्या पळपुटेपणाइतकीच अस्वस्थ करते.

नियम बदलला तो त्यानंतर. १ जानेवारी २०१५ पासून सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावाच लागतो. हा नियम ज्या करारात आहे तो ‘सोलास’ करारच मुळी टायटॅनिकनंतरचा. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, १९१४ साली पहिला सोलास करार झाला. समुद्रावरची बहुतेक कलमं अशीच कुणाच्या तरी मरणानंतर लिहिली गेली आहेत. ती घोषणा ऐकून तोंड वाकडं करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

पूर्वी हा सराव सगळ्यांचा एकदम होत असे. हजारो लोक डेकवर रांगा करून उभे, बार बंद, लिफ्ट बंद. कोविडच्या काळात अनेक कंपन्यांनी तो सुटा केला. व्हिडिओ फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघा, मग सवडीने स्टेशनवर येऊन कार्ड स्कॅन करून जा. गर्दी टळली, उन्हात ताटकळणं टळलं, हे चांगलंच झालं. पण व्हिडिओ चालू ठेवून फोन खिशात घालणारे आणि स्कॅन करून लगेच पाठ फिरवणारे यातून तयार झाले. हजेरी लागते, डोक्यात काही जात नाही. स्टेशनवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला एक तरी प्रश्न विचारा. आमची बोट कुठली? रात्री इथे यायचं झालं तर कुठल्या जिन्याने? तो आनंदाने सांगतो. दिवसभर त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आता खरं काम. केबिनचा ताबा मिळाला की बॅग टाकून लगेच बाहेर या आणि केबिन ते मस्टर स्टेशन हा रस्ता एकदा जिन्याने चाला. आगीत लिफ्ट वापरायची नसते. दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे, जिन्यापर्यंत दारं किती, हे मोजा. दिवे गेले, धूर भरला तर भिंतीला हात लावून मोजत जाता येतं. कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत दिव्यांची किंवा चमकणारी पट्टी असते, ती याचसाठी. खाली वाकून चालणाऱ्याला ती दिसते. केबिनच्या दारामागे नकाशा असतो. तो वाचा, त्यावर टॉवेल टांगू नका. जॅकेट केबिनच्या कपाटात आहे की स्टेशनवरच मिळणार, तेही बघून घ्या. नव्या जहाजांवर बहुधा स्टेशनवर असतं. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या मापाचं जॅकेट पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आपल्या लोकांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आपण एकेकटे जात नाही. दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार मुलं, आई-बाबा, वर एखादी मावशी. चार केबिन, त्याही वेगवेगळ्या डेकवर, कारण बुकिंग तसं मिळालं. केबिन वेगळी म्हणजे मस्टर स्टेशनही वेगळं असू शकतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भोंगा वाजला की आपला पहिला विचार काय असणार? आईला आणायला जाऊ. मुलगा आईच्या केबिनकडे पळणार, आई मुलाच्या केबिनकडे येणार, आणि माणसांनी भरलेल्या जिन्यावर दोघंही गर्दीच्या उलट दिशेने चढत-उतरत राहणार. आपल्या मायेचा हा धोका आहे. त्यामुळे कार्डं हातात आली की सगळी एका टेबलावर पसरा आणि अक्षरं जुळतात का बघा. जुळत नसतील तर काउंटरवर विचारा, काही सोय होते का. होत नसेल तर शांतपणे ठरवा: जो तो आपापल्या स्टेशनवर जाईल, कुणी कुणाला शोधत फिरणार नाही, आणि केबिनमध्ये काही आणायला कुणी परतणार नाही. पासपोर्ट नाही, मंगळसूत्राचा डबाही नाही.

आजी व्हीलचेअरवर असेल, आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर तेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ज्यांना मदत लागेल त्यांची यादी जहाजावर ठेवलेली असते. त्या यादीत आपल्या माणसाचं नाव जाण्यात कसला आलाय कमीपणा? मुलं मुलांच्या क्लबमध्ये असताना भोंगा वाजला तर कर्मचारी त्यांना कुठे नेणार, हे विचारून घ्या. बऱ्याच जहाजांवर मुलांच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात. पोरं तो दोन तासांत काढून टाकतात. तो पुन्हा बांधा.

आणि समुद्र आपल्याला नवा नाही. कोकणातल्या कित्येक पिढ्या आगबोटीने मुंबईला आल्या. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावस्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रेवस म्हणजे पलीकडचा किनारा, तासाभराच्या अंतरावरचा! किनारा जवळ आहे म्हणून समुद्र सौम्य होत नाही. फार मागे जायला नको. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. बोटीवरच्या अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. जॅकेटने उकडतं, साडी चुरगळते, फोटो चांगला येत नाही, ही कुरकुर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. ती मला आता ऐकवत नाही.

कॉन्कॉर्डियावर आपलाही एक माणूस होता. मुंबईचा, जेवणघरात वेटर. ३२ मृतांपैकी सर्वांत शेवटी सापडला तो, २०१४ च्या नोव्हेंबरात, जहाज उभं करून मोडायला नेल्यावर. त्याने आपलं जॅकेट दुसऱ्याला दिलं होतं, असं त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. जगभरच्या क्रूझ जहाजांवर वसईची, गोव्याची, कोकणातली मुलं काम करतात. केबिन आवरतात, वाढतात, आणि भोंगा वाजला की हीच मुलं जॅकेट घालून जिन्याच्या तोंडाशी तुम्हाला वाट दाखवायला उभी राहतात. त्यांचा सराव वारंवार होतो, तोही ड्यूटी सांभाळून. तुम्ही ड्रिल टाळता तेव्हा त्या पोराचं काम अवघड करून ठेवता.

मस्टर झालं की मग बाकीचं. खाण्याआधी साबण-पाण्याने हात धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस दारातल्या जेलने जात नाही. सामान केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून रक्तदाबाच्या नि साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क घरी पोचल्यावर बिल पाठवतं. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मुळात घेऊनच जाऊ नका. चहा-मॅगीसाठी आपल्या बॅगांतून किटल्या निघतात आणि तपासणीत त्या काढून घेतल्या की कर्मचाऱ्यांशी हुज्जत सुरू होते. ती जप्ती आगीच्या भीतीने असते. मार्च २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’वर लागलेल्या आगीचं कारण बहुधा बाल्कनीत पडलेलं जळतं थोटूक होतं. बाल्कनीतून बाल्कनीत, डेकावरून डेकावर ती आग पसरली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. भर समुद्रात अग्निशामक दलाचा बंब येत नाही.

मुंबईत सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. म्हणजे पुढच्या काही वर्षांत आयुष्यात पहिल्यांदाच जहाजावर चढणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढतच जाणार, आणि त्यातली पुष्कळशी ग्रुप टूरने जाणार. म्हणून शेवटचं सांगणं सहलीच्या कंपन्यांना. तुमच्या पत्रकात पहिल्या दिवसाखाली स्वागत, भोजन, पूल, शो असं सगळं छापलेलं असतं. मस्टरचा उल्लेख क्वचितच. तो पहिल्या ओळीत छापा. टूर मॅनेजरने चाळीस जणांचा ग्रुप आधी स्टेशनवर न्यावा, कार्डांवरची अक्षरं जुळवून घ्यावीत, म्हाताऱ्यांची नावं यादीत घालावीत, आणि हे सगळं झाल्यावरच बुफे कितव्या डेकवर आहे ते सांगावं. ग्रुप कुरकुरेल. कुरकुरू द्या.