पोटभाडेकरू

महिनाभर जळजळ थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि कागदावर एक नाव लिहिलं: हेलिकोबॅक्टर पायलोरी. ‘‘जंतू आहे. बहुधा लहानपणापासून मुक्कामाला असेल.’’ म्हणजे पन्नासेक वर्षं. भाडं नाही, पागडी नाही! पोटभाडेकरू हा शब्द चाळीत आयुष्यभर ऐकला, अर्थ त्या दिवशी लागला.

तो एकटा नव्हे. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, तर अंगावरचे-अंगातले जिवाणू ३८ लाख कोटींच्या घरात. मतदान घेतलं तर मालकच पडायचा. आणि एवढ्या सगळ्या मंडळींचं वजन पाव किलोसुद्धा भरत नाही.

माझा भाडेकरू मात्र नामांकित निघाला. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन त्याला काचेच्या थाळीत वाढवू पाहत होते. दोन दिवस वाट बघायची, काही उगवलं नाही की थाळी फेकायची. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी लागली, थाळ्या तशाच राहिल्या आणि साहेब उगवले. (सुट्ट्यांचं हे महत्त्व मी ऑफिसात किती वर्षं सांगतोय!) तरी लोक मानेनात, जठरातल्या आम्लात जंतू तगेलच कसा? १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं. आठवडाभरात उलट्या, जठराला सूज. २००५ मध्ये दोघांना नोबेल. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ह्या जंतूला कर्करोगकारक ठरवलं. वर्षानुवर्षं सूज राहते आणि काहींच्या जठरात त्यातून कॅन्सर होतो. काहींच्याच. बाकीच्यांकडे तो गुपचूप राहून जातो.

हिरड्यांत राहणारा फ्यूजोबॅक्टेरियम तर मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीत सापडतो. तिथे तो आग लावायला जातो की जळत्या घरात शिरतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

पण सगळेच भाडेकरू असे नसतात. त्वचेच्या कॅन्सरवर प्रतिकारशक्ती जागवणारं एक औषध आहे. ते कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. ज्यांना पडलं त्यांची विष्ठा (हो, तीच) प्रक्रिया करून, ज्यांना नाही पडलं त्यांच्या आतड्यात पोचवली. थोड्यांना मग तेच औषध लागू पडलं, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. माझी सोवळ्यातली आजी हे ऐकायला नाही, ते बरं.

बायकोला मात्र नवल वाटलं नाही. ‘‘विरजणाचंही तसंच असतं. दूध तेच, पण जोशीकाकूंचं विरजण लावलं तरच घट्ट लागतं.’’

मला चौदा दिवस गोळ्या होत्या. त्या अपराधी-निरपराधी बघत नाहीत, सरसकट सगळ्यांनाच नोटीस. पंधराव्या दिवशी पोट इतकं शांत, की करमेना. संध्याकाळी बायको रिकामी वाटी घेऊन शेजारी गेली आणि तळाशी चमचाभर दही घेऊन आली. कोमट दुधात घालून, झाकण ठेवून म्हणाली,

‘‘सकाळपर्यंत हलवू नका हं.’’