निवांत बाकी, पुढील पानी

सुटीत लेकराबाळांना शहर दाखवायला निघणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबात एक सहलप्रमुख असतो आणि त्याची ओळख करून देण्याचे वास्तविक कारण नाही, कारण वाचकांपैकी बहुतेकांनी त्याच्या मागून धापा टाकत कोणते ना कोणते वस्तुसंग्रहालय पाहिलेले आहे. सहलप्रमुख म्हणजे ज्याच्या खिशात सर्वांची तिकिटे असतात आणि जो ती दर दहा मिनिटांनी चाचपून पाहतो तो गृहस्थ. त्याची प्रतिज्ञा ठरलेली असते: या खेपेस धावपळ करायची नाही, सगळे निवांत करायचे. घरातली जाणती मंडळी हे वाक्य कानी पडताच पायांना लावायचे तेल पिशवीत टाकतात.

या वर्गाचा एक अस्सल नमुना सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे, म्हणजे अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकाच्या वेशीला खेटून असलेल्या गावी, आढळतो. दुधनी हे बाजारपेठेचे गाव असून तेथे निम्मा व्यवहार मराठीत, निम्मा कन्नडात आणि उरलेला हाताच्या खुणांनी चालतो; प्रस्तुत गृहस्थ तेथे आडतीचा, अर्थात शेतकऱ्याची तूर, उडीद, मूग विकून देऊन त्यावर दलाली घेण्याचा धंदा करतो. साहजिकच त्याचे विचार करण्याचे साधन कीर्द हे आहे. कीर्द म्हणजे दिवसभरातील जमा आणि नावे रकमा घडतील त्या क्रमाने मांडण्याची वही. तिच्यात दिवसअखेर हाती उरलेली रोकड ‘श्री शिल्लक’ म्हणून पुढील दिवसाच्या माथी ओढली जाते, आणि झालेली नोंद कधीही खोडली जात नाही, चूक झालीच तर पुढे उलट नोंद करून ती फिरवली जाते. तुरीचा हंगाम सरून मे महिन्यात पेठ थंडावली की हा गृहस्थ याच शिस्तीने एका लाल वहीत हैदराबादची सहल मांडतो. तिच्यातील पहिल्या दिवसाचे पान नमुन्यादाखल पाहण्यासारखे आहे: ८.३० प्राणिसंग्रहालय, ११.१५ पाणी पिणे, ११.२० पुढे निघणे, १.०० जेवण (भाकरी घरची), २.०० चारमिनार, ४.१० ते ४.४० निवांत. निवांतपणाला स्वतंत्र ओळ, स्वतंत्र वेळ आणि समोर कंसात ‘हुसेनसागर, सावलीचा बाक’ असे स्थळही दिलेले असते, यावरून त्याचा हेतू शुद्ध असल्याचे कोणीही मान्य करील.

नियोजनाचा आनंद हा त्याच्या लेखी सहलीहून मोठा असतो. त्यामुळे रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हा आपल्या सुखाचे दोन महिने सरकारजमा झाले असे त्याने पेठेत बोलून दाखवले. दुधनी स्वतः मुंबई-चेन्नई या जुन्या लोहमार्गावर आहे. सोलापूर ते रायचूर हा टप्पा १८७१ मध्ये पूर्ण होऊन त्या काळच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांचे रूळ एकमेकांना मिळाले, तेव्हापासून गाड्या या गावाजवळून जात आहेत, मात्र लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या न थांबता जातात. हैदराबाद पूर्वेला असल्याने त्याच दिशेच्या कलबुर्गीला जाऊन गाडी धरावी, असे सामान्य बुद्धीच्या माणसाला वाटेल. सहलप्रमुखाने मात्र पश्चिमेचे सोलापूर निवडले, कारण तेथे गाडी जास्त वेळ थांबते आणि लेकराबाळांना निवांत चढता येते. परिणामी कुटुंब दुपारीच घरून निघाले, उलट दिशेने सोलापूर गाठले, फलाटावर पाच तास बसून शेंगाचटणीचा निम्मा डबा संपवला आणि रात्री गाडीत बसल्यावर तासा-सव्वातासाने खिडकीतून आपलेच गाव मागे जाताना पाहिले. सात वर्षांची थोरली ‘अप्पा, आपलं घर!’ म्हणून ओरडली. चार वर्षांचा धाकटा पोचलो असे समजून चपला घालू लागला. सहलप्रमुखाने वहीत ‘दुधनी, वेळेवर’ अशी नोंद केली.

हैदराबादचे नेहरू प्राणिसंग्रहालय १९६३ मध्ये खुले झाले. मीर आलम तलावाकाठी पसरलेले हे सुमारे ३८० एकरांचे उद्यान दर सोमवारी बंद असते. सालारजंग वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते ही गोष्ट सहलप्रमुखाने दोन ठिकाणी विचारून, खातरजमा करून, लाल शाईने लिहून ठेवली होती. सोमवारबद्दल विचारण्याचे त्याच्या मनात आले नव्हते, आणि कुटुंब बंद दारापाशी सकाळी ८.२५ ला, म्हणजे ठरल्या वेळेच्याही पाच मिनिटे आधी, हजर झाले तो दिवस सोमवार होता. धाकट्याला वाघ हवा होता. बाकीच्यांना सावली हवी होती. वहीतील सोमवारची नोंद अर्थातच खोडली गेली नाही, पुढे मंगळवारच्या पानावर ती उलट करण्यात आली. पण मंगळवारात दोन दिवसांची ठिकाणे कोंबताना जागा काढायची कोठून, हा प्रश्न उपस्थित होताच सहलप्रमुखाने व्यापाऱ्याला शोभेल असा निर्णय घेतला आणि सोमवारच्या ४.१० ते ४.४० या ओळीसमोर लिहिले: ‘निवांत बाकी, पुढील पानी.’

तेथून पुढे ही बाकी वाढतच गेली. मंगळवारी वाघ दिसला, पण उद्यानातली छोटी आगगाडी सुटेपर्यंत थांबावे लागले, म्हणून अर्धा तास निवांत पुढे ओढला. चारमिनार, जो मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये उभारला, त्याच्या पायथ्याशी बांगड्यांच्या दुकानांत पाऊण तास गेला, तोही निवांताच्या खाती नावे पडला. बुधवारी पत्नीने, ‘अहो, त्या बाकीतली पंधरा मिनिटं आज द्या की, पाय बोलायला लागलेत,’ अशी मागणी केली, तेव्हा त्याने ती उचल म्हणून मंजूर केली. उचल म्हणजे माल विकण्याआधीच आडत्याकडून अंगावर घेतलेली रक्कम, आणि ती पुढच्या हिशेबातून वळती होते हे दुधनीच्या सुनेला वेगळे सांगावे लागत नाही. आईने, म्हणजे मुलांच्या आज्जीने, ‘निधान होगप्पा’ (सावकाश जा रे बाबा) असे कन्नडात सुचवून पाहिले. पण आज्जीचे काही जमेला धरण्याची पद्धत कोणत्याच सहलीत नसते.

सालारजंग संग्रहालय हे तिसऱ्या सालारजंगाच्या म्हणजे मीर युसुफ अली खान यांच्या संग्रहातून १९५१ मध्ये लोकांसाठी उघडले आणि १९६८ मध्ये मुसी नदीकाठच्या सध्याच्या इमारतीत आले. तेथील संगीत घड्याळातून दर तासाला एक दाढीवाला चिमुकला पुरुष बाहेर येतो, वाजले असतील तितके टोले देतो आणि आत जातो, तर दुसरा एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारीत राहतो. बाराचे टोले सर्वांत अधिक, म्हणून तेव्हा घड्याळासमोर माणसे दाटीने बसतात. पत्नी, आज्जी आणि मुले तेथे टेकली, आणि साऱ्या सहलीत प्रथमच कोणाच्या कपाळाला आठी नव्हती. सहलप्रमुख मात्र उभाच राहिला. तो त्या लोहाराकडे जातवाल्याच्या नजरेने पाहत होता.

या गृहस्थाविषयी इतके लिहिल्यावर एक गोष्ट, नाइलाजाने का होईना, नोंदवणे भाग आहे. त्याच्या वडिलांनी पेढी बंद ठेवून कुटुंबाला नेले ते फक्त अक्कलकोटला आणि गाणगापूरला, आणि तेही दर्शन आटोपून सायंकाळी परत. हैदराबाद त्याने स्वतः प्रथम पाहिले ते वसुलीसाठी, आणि त्या खेपेस चारमिनार दुरूनही दिसला नाही. सुटी कशी घालवतात हे त्याला कोणी शिकवलेले नाही, त्याला वही तेवढी शिकवलेली आहे.

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारला, किल्ल्याच्या माथ्यावर, ऐकू जाते. शत्रूची वर्दी देण्याची ही युक्ती आजही वाटाडे करून दाखवतात. गुरुवारच्या पानावर या टाळीची सविस्तर योजना होती: ५.०० वाजता पत्नी आणि थोरली माथ्यावर, सहलप्रमुख खाली, तीन टाळ्या, मध्ये पाच सेकंद. ठरल्याप्रमाणे दोघी पायऱ्या चढून गेल्या. खाली धाकटा उन्हाने कावून बापाच्या खांद्यावर झोपला आणि झोपेत त्याने दोन्ही हातांनी मान आवळून धरली. आज्जीने पुढे सांगितल्यानुसार, पाच वाजले, सव्वापाच झाले, तरी मुलगा उठेल म्हणून हा गृहस्थ हलला नाही. आज्जीने ‘आण, मी घेते’ म्हटले, तर त्याने नुसती मान हलवली. घुमटाखाली दुसरेच कोणी टाळ्या वाजवत होते. वर प्रत्येक टाळीला थोरली विचारीत होती आणि पत्नी प्रत्येक वेळी ‘हो, ही अप्पांचीच,’ असे सांगत होती. त्या पाऊण तासाची वहीत नोंद नाही, ना जमेला ना नावे, आणि कीर्द लिहिणाऱ्या माणसाकडून अशी जागा कोरी राहणे हा व्यवसायाच्या दृष्टीने गंभीर दोषच म्हटला पाहिजे.

शेवटच्या पानावर निवांताची एकूण बाकी दोन तास पंचवीस मिनिटे निघाली, आणि तीतून उचलीची पंधरा मिनिटे वजा होऊन उरलेली रक्कम पुढील वर्षीच्या म्हैसूरच्या सहलीत ओढण्यात आली. पेठेत लोकांनी विचारले तेव्हा ‘एकदम निवांत झालं’ असे त्याने सांगितले, आणि ते ऐकून शेजारच्या पेढीवरील गृहस्थाने लाल वही एका रात्रीपुरती मागून नेली. त्यालाही दोन लहान मुले आहेत आणि त्यालाही धावपळ करायची नाही. उलट नोंदी पुढच्या पानांवर असतात हे आडत्याला कळायला हवे होते, पण घाईत त्याने पहिलेच पान उतरवून घेतले. त्याचे कुटुंब रविवारी रात्री सोलापूरहून निघत असून सोमवारी सकाळी ८.३० ला प्राणिसंग्रहालयाच्या दारात असेल.